ऑपरेशन टाळायचं, पण त्याऐवजी काय?

'गुडघ्याचं लिगामेंट तुटलं तरी निम्म्या लोकांना ऑपरेशन लागत नाही.' हे वाक्य तुम्हीही कुठेतरी वाचलं असेल. त्यामागे आहे स्वीडनमधली 'कॅनन' चाचणी (२०१०). एसीएल तुटलेल्या १२१ तरुणांचे दोन गट केले. एका गटाला लगेच शस्त्रक्रिया आणि व्यायाम. दुसऱ्याला आधी व्यायाम, गरज पडली तरच शस्त्रक्रिया. दोन वर्षांनी दोघांत फारसा फरक नव्हता. पाच वर्षांत दुसऱ्या गटातल्या ५९ पैकी ३० जणांनी शस्त्रक्रिया करून घेतली.

चाचणी चांगलीच आहे. माझा आक्षेप आहे तो आपण ती कशी वाचतो यावर. तिथला 'व्यायाम' म्हणजे फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली, टप्प्याटप्प्याने, कित्येक महिने. आता कन्नडचा एखादा कबड्डी खेळणारा पोरगा घ्या. आठवड्यातून दोनदा एसटीने संभाजीनगरला यायचं म्हणजे दोन दिवसांची मजुरी बुडाली. मग हातात उरतं काय? नी-कॅप आणि आराम. कॅननने तो उपचार तपासलेलाच नाही!

शिवाय तिथले रुग्ण दुखापतीनंतर चार आठवड्यांच्या आत आलेले. दुखापत जुनी झालेल्या, गुडघा सटकणाऱ्या ३१६ जणांवरच्या ब्रिटिश चाचणीत (२०२२) दीड वर्षाने शस्त्रक्रियेचा गट पुढे होता: १०० पैकी सरासरी ७३ गुण, व्यायामाच्या गटाला ६४.६.

म्हणून असा मथळा दिसला की दोन गोष्टी विचारा: दुखापत किती जुनी? आणि ऑपरेशन नाही, तर त्याऐवजी नेमकं काय? व्यायामाची सोय नसेल, तर तो निष्कर्ष तुमच्यासाठी नाहीच.