सामाजिक परिपक्वतेचे मापन : धार-देवासच्या संदर्भात काही आक्षेप

मुलांची सामाजिक क्षमता मोजण्यासाठी आपल्याकडे आजही व्हाईनलँड श्रेणीचा आधार घेतला जातो. एडगर डॉल यांनी १९३५ साली न्यू जर्सीतील व्हाईनलँडच्या प्रशिक्षण शाळेत ती तयार केली व नागपूरच्या डॉ. ए. जे. मॅलिन यांनी तिचे भारतीय रूपांतर केले. मूळची ११७ पदे त्यात ८९ झाली. सामाजिक वयाला प्रत्यक्ष वयाने भागून १०० ने गुणले की सामाजिक गुणांक मिळतो. माहिती मूल देत नाही, आई किंवा सांभाळणारी व्यक्ती देते. बौद्धिक अक्षमतेच्या निदानात या साधनाचे मोल निर्विवाद आहे.

प्रश्न उद्भवतो तो सर्वसाधारण मुलांबाबत. 'गावात एकट्याने हिंडणे' हे पद घ्या. धारच्या एखाद्या मोहल्ल्यातील बारा वर्षांची मुलगी स्वयंपाक करते, धाकट्याला सबक देते, पाहुण्यांची उठबस पाहते. पण बाजारात तिला एकटी पाठवत नाहीत. येथे क्षमतेचा नव्हे, परवानगीचा अभाव मोजला जातो. डॉल यांना हे ठाऊक होते, म्हणूनच त्यांनी 'संधी नाही' अशी वेगळी खूण ठेवली. घाईतला परीक्षक मात्र सरळ 'नाही' लिहून मोकळा होतो!

दुसरा आक्षेप भाषेचा. देवासचे मूल भाजीवाल्याशी माळवी, शाळेत हिंदी, घरी उर्दू बोलते; पवार संस्थानांच्या काळापासून स्थायिक झालेल्या घरांत मराठी. कोणाशी कोणती भाषा, 'आप' कोठे आणि 'तू' कोठे, हे ते सहज जाणते. माझ्या मते हीच खरी सामाजिक समज; पण श्रेणीच्या संप्रेषण विभागात तिला जागा नाही.

मग तहजीबचीच श्रेणी करावी काय? तेही धोक्याचे. अदब मोजू गेल्यास गप्प बसणारे मूल सर्वांत हुशार ठरेल आणि उस्तादांना प्रश्न विचारणारे मागे पडेल.

हा वाद केवळ मानसशास्त्र विभागापुरता नाही. केंद्रीय मंडळाच्या सातत्यपूर्ण मूल्यमापनात २००९ पासून जीवनकौशल्यांनाही श्रेणी दिली जाई. २०१७ मध्ये ती पद्धत बंद झाली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातील समग्र प्रगतिपत्रकात सामाजिक-भावनिक विकासाची नोंद पुन्हा आली आहे, सहाध्यायांच्या मूल्यांकनासह. आपल्या बी.एड.च्या विद्यार्थ्यांनी असा तक्ता भरताना प्रत्येक 'नाही'पुढे कारण लिहावे : येत नाही, की करू देत नाहीत? आईखेरीज आजी किंवा मकतबच्या मौलवीसाहेबांनाही तोच प्रश्न विचारावा आणि उत्तरे जुळली नाहीत तर दोन्ही नोंदवावीत.