अश्रू मारणाऱ्याचे, शब्द मेलेल्याचा

जपानमधील तायरा आणि मिनामोतो या दोन सामुराई घराण्यांत ११८० ते ११८५ या काळात सत्तेसाठी युद्ध झाले आणि तायरा घराणे धुळीस मिळाले. ‘हेइके मोनोगातारी’ ही त्या विनाशाची गाथा. अंध भिक्षुगायक बिवा या तंतुवाद्याच्या साथीने ती गात असत. जेत्यांच्या राज्यात पराभूतांची कथा गायिली जावी, हेच मुळी नवल.

तिच्यातील इचिनोतानीच्या लढाईचा (११८४) एक प्रसंग मनाला चटका लावून जातो. आजच्या कोबे शहराच्या पश्चिमेस, डोंगर आणि समुद्र यांच्या बेचक्यात तायरांचा तळ होता. मिनामोतो योशित्सुनेने मागच्या उभ्या उतारावरून घोडी घातली आणि तळ उधळला. समुद्रातील नौकांकडे निघालेल्या आत्सुमोरीला कुमागाई नाओझानेने आव्हान दिले. तो माघारी वळला. कुमागाईने त्याला खाली पाडून शिरस्त्राण दूर केले, तो समोर जेमतेम सतरा वर्षांचा मुलगा! त्याच्या स्वतःच्या मुलाच्या वयाचा. सोडून द्यावे असे त्याला वाटते. पण मागून स्वपक्षाचे स्वार येत असतात आणि ते त्याला जिवंत ठेवणार नाहीत. अखेर रडत रडत तो वार करतो. मग मृताजवळ बासरी सापडते आणि पहाटे शत्रूच्या तळावरून आलेले सूर कोठले, हे त्याला उमगते.

प्रसंग थोर आहे, तरी आम्हांला त्यात दोन उणिवा जाणवतात. ज्याच्याजवळ बासरी नव्हती, त्या साध्या शिपायासाठी कोण रडणार? आणि कुमागाईच्या अश्रूंनी कथा भिजली, तरी ज्याचे प्राण गेले त्याचे त्या अश्रूंविषयी काय म्हणणे, हे कोणी विचारीत नाही.

कुमागाई पुढे भिक्षू झाला. या वधाचा पश्चात्ताप हे त्याचे कारण, असे कथा सुचविते. ‘आझुमा कागामी’ हा इतिहासग्रंथ मात्र सांगतो, की ११९२ साली जमिनीच्या वादाच्या सुनावणीत संतापून त्याने केस कापले. माणसाच्या मनात दोन्ही कारणे एकत्र नांदू शकतात. त्यामुळे पश्चात्ताप खोटा ठरत नाही. मात्र तेवढ्याने सारे भागत नाही, हेही उघड होते.

झेआमी या नाटककाराने (सुमारे १३६३–१४४३) ‘आत्सुमोरी’ या नो नाटकात नेमके हेच हेरले. भिक्षू झालेला कुमागाई इचिनोतानीला येतो. तेथे गवत कापणाऱ्यांच्या हाती त्याला बासरी दिसते. गरिबाला सूर वर्ज्य नाहीत, असे तो गवतकाप्या त्याला सुनावतो. आमची पहिली तक्रार येथेच फिटते. तो गवतकाप्या म्हणजेच आत्सुमोरीचा आत्मा. रात्री तो योद्ध्याच्या वेषात येतो, मृत्यूची हकीकत सांगतो, सूडासाठी तलवार उगारतो आणि थांबतो. आपल्यासाठी प्रार्थना करणारा हा माणूस आता शत्रू उरलेला नाही, हे त्याला दिसते.

हे नाटक बौद्ध श्रद्धेतून फुललेले आहे. त्याला आमच्या प्रायश्चित्त संस्काराचे नाव देणे अन्यायाचे होईल. मात्र एक सत्य ते निःसंदिग्धपणे मांडते: अपराधी कितीही रडला, तरी दुखावलेल्याच्या वतीने तो स्वतःला क्षमा करू शकत नाही. तो शब्द दुसऱ्याकडूनच यावा लागतो. घराघरांतील अबोल्यांनाही हे लागू पडते. ‘हेइके’ने आम्हांला रडविले, झेआमीने वाट पाहायला शिकविले.