अंधारात उमटलेल्या रेघा

११ डिसेंबर १९६७च्या पहाटे कोयनेला ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला. धरणाच्या १-ए या खंडातल्या गॅलरीत बसवलेल्या यंत्राने तो फोटोच्या कागदावर टिपला. जगभरचे धरण-अभियंते आजही आपली गणितं या आलेखावर ताडून पाहतात. मला मात्र त्याची ओढ लागली ती रेघांच्या स्वच्छपणामुळे. प्रकाशाचा बारीक ठिपका सरकत्या कागदावर रेघ ओढत होता. पेटीत कुठून जरा उजेड शिरला असता, तर कागद काळवंडून ती पहाट पुसली गेली असती.

रेघा तीन. धरणाच्या लांबीच्या दिशेची सर्वांत उसळलेली, गुरुत्वाकर्षणाच्या ०.६३ पट, नदीच्या दिशेची ०.४९, उभी ०.३४. दाते इतके दाट की एक निवतो न निवतो तोच दुसरा उठतो. सावकाश झोके कमी, चटचट बसणारे फटके जास्त. उंच खंडांवर, जिथे धरणाचा उतार बदलतो त्या उंचीला, आडव्या भेगा पडल्या. त्या भेगा पाहिलेल्या माणसाने हे दाते एकदा निरखावेत.

जवळपास अर्ध्या शतकानंतर हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेने कोयना परिसरात सहा बोअरमध्ये भूकंपमापक सोडले, ९८१ ते १५२२ मीटर खोल. इथे आडोसा करायचा होता तो आवाजापासून. कोयनानगरचा पाऊस, दरवाजे उघडल्यावर सांडव्यावरून कोसळणारं पाणी, कराड-चिपळूण रस्त्यावरचे ट्रक, झाडं मुळासकट हलवणारा वारा, हे सगळं जमिनीवरच्या यंत्राला ऐकू येतं. शिवाय बेसॉल्टचे घट्ट आणि सच्छिद्र थर एकावर एक. त्यांतून वर येता येता लाट आपटते, फुटते, विस्कटते. म्हणून यंत्रं बेसॉल्ट ओलांडून खालच्या ग्रॅनाइटी खडकात नेली. दीड किलोमीटर कातळाएवढं चांगलं दार मला तरी ठाऊक नाही.

अशा बोअरमधला एखादा लहानसा धक्का वाचताना मी घाई करत नाही. आधी सपाट रेघ. मग पहिली लाट कोपरा करून उठते. जमिनीवरच्या नोंदीत हाच क्षण कुरबुरीत बुडतो आणि तो नेमका कुठे धरायचा यावर जाणकारांचंही एकमत होत नाही. दुसरी लाट अधिक उंच, अधिक रुंद. दोघींमध्ये एक सेकंद असेल, तर खडक साधारण आठ किलोमीटरवर सरकला. पण मला सर्वांत मोलाची वाटते ती पहिल्या लाटेची अगदी पहिली हालचाल, वर की खाली. वर गेली तर खडकाने यंत्राकडे ढकललं, खाली गेली तर ओढून घेतलं. सहाही ठिकाणचे हे वर-खाली शेजारी मांडले, की भूगर्भातल्या भेगेची कोणती बाजू कुठे सरकली याचा माग लागू लागतो.