डब्यातल्या दिव्यांची कारागिरी

आनेकल रोड हे बंगळुरूजवळ, हीललिगे आणि होसूर यांच्या मधलं छोटं स्टेशन. लोकमान्य टिळक टर्मिनसहून पुण्यामार्गे कोईमतूरला जाणारी एक्स्प्रेस याच रुळांवरून जाते. इथं अंधारात उभं राहून रात्रीची गाडी पाहावी. डबा दिसतच नाही, दिसते ती नुसती खिडक्यांची माळ. मॉडेल रेल्वेच्या डब्यात दिवे लावणाऱ्याला नेमकं हेच साधायचं असतं, आणि बहुतेकांचं घोडं अति उजेडापाशी अडतं.

पुण्याच्या कोथरूडमध्ये भाऊसाहेब जोशी यांचं लघुरेल्वे संग्रहालय १९९८पासून आहे. तिथल्या गाड्या एचओ मापाच्या, म्हणजे १:८७. या हिशेबाने आपला आयसीएफचा (इंटिग्रल कोच फॅक्टरीचा) डबा जेमतेम २४५ मिलिमीटरचा होतो. तिथल्या खेळात मध्येच दिवे मंदावतात, रात्र होते, आणि दिवसा खेळणं वाटणारं रुळांभोवतीचं गाव एकदम खरं वाटू लागतं.

असा एक डबा उघडून पाहिला की खरी गंमत कळते. छताच्या आतल्या अंगाला एलईडीची पट्टी. तिला वीज मिळते ती रुळांतून: बोगीच्या आसांना फॉस्फर ब्राँझच्या बारीक पात्या घासत राहतात. गाडी उलटी फिरली की विजेची दिशाही फिरते, म्हणून चार डायोडचा ब्रिज. रुळावर धुळीचा कण आला की दिवा मिचकावतो, म्हणून कपॅसिटर. आणि हा कपॅसिटर दडवायचा कुठे? संडासात! तिथली काच तशीही दुधी असते, आतलं काही दिसत नाही. अशा ठिकाणी मी कारागिराला मनातल्या मनात दाद देतो.

वीज तुटली की दिवा जाणार, हे खऱ्या डब्याचंही दुखणं होतं. चाकाच्या आसावर पट्ट्याने फिरणारं जनित्र गाडी थांबली की थांबणार, म्हणून डब्याखाली बॅटऱ्या. साध्या डीसी मांडणीत मॉडेलचीही तीच गत: नियंत्रकाची मूठ शून्यावर आणली की स्टेशनात शिरलेली गाडी, जिथं सर्वांत उजळ दिसायला हवी तिथेच, काळोखी होते. कपॅसिटर तिला काही क्षणच तारतो. डीसीसी (डिजिटल कमांड कंट्रोल) पद्धतीत रुळांवर कायम पूर्ण दाब असतो, त्यामुळे ही अडचण उरत नाही.

पण वायरिंग जमलं म्हणजे काम फत्ते झालं असं नाही. पातळ प्लास्टिकमधून उजेड झिरपतो आणि अख्खा डबा आकाशकंदिलासारखा उजळतो. म्हणून भिंतींना आतून आधी काळा रंग द्यावा लागतो. एलईडी पांढराशुभ्र असेल तर जुन्या पिवळ्या बल्बच्या जमान्यातला डबा खोटा वाटतो. स्लीपरमध्ये एखादा निळा रात्रदिवा ठेवून बाकीचे विझवावेत, रेझिस्टर वाढवून उजेड थोडा अजून उतरवावा. खिडकीशी बसलेल्या माणसाची फक्त काळी आकृती दिसेल इतकाच.

माझ्या मते या कलेत दिवा लावणं सोपं, तो कमी करणं अवघड. कोथरूडला गेलात तर रात्रीचा प्रवेश सुरू होताच इंजिनामागे नजर धावू देऊ नका. एकच डबा धरून ठेवा.