हप्त्यावरचे अंतराळयान

विज्ञानकथेतली याने कोणाच्या पैशावर उडतात, हे लेखक सहसा सांगत नाहीत. मार्क मिलर यांनी रचलेल्या आणि १९७७ साली अमेरिकेतील ‘गेम डिझायनर्स वर्कशॉप’ने प्रसिद्ध केलेल्या ‘ट्रॅव्हलर’ या खेळाने मात्र तो प्रश्न थेट टेबलावर आणला. चारपाच जणांनी एकेक पात्र वठवायचे, रेफरीने जग सांभाळायचे, निकाल फाशांवर. पात्रे बहुधा नोकरीतून बाहेर पडलेली, मध्यमवयीन. हाती एक व्यापारी यान आणि डोक्यावर कर्ज.

हे कर्ज मी वहीत मांडून पाहिले. १९८१च्या आवृत्तीतले २०० टनी ‘फ्री ट्रेडर’ ३ कोटी ७० लाख ८० हजार क्रेडिटांचे. दर महिन्याला किमतीचा २४०वा भाग, म्हणजे १,५४,५०० क्रेडिट, आणि तेही ४० वर्षे. महिन्यात दोन फेऱ्या. पोटात ८२ टन माल, टनामागे भाडे १,०००. वरच्या वर्गाचे सहा प्रवासी आणि शीतनिद्रेतले वीस धरले, तर भरल्या फेरीचे उत्पन्न १,६२,००० होते. हप्ता, पगार, इंधन, देखभाल वजा जाता चाळीसेक हजार उरतात. यान अर्धे रिकामे गेले, की तोटा.

वास्तववादाचा आग्रह धरणारे इथे नाक मुरडतात: चार निवृत्त माणसांना इतके कर्ज कोणती बँक देईल? आक्षेप खरा, पण नेम चुकलेला. हप्ता हे अर्थशास्त्र नव्हे, ते कथानक आहे. महिनाअखेर जवळ आली, की सभ्य पात्रेही काळोख्या धक्क्यावरच्या अनोळखी माणसाचे खोके ‘आत काय’ न विचारता चढवतात. खलनायकाची गरजच उरत नाही.

माझी तक्रार वेगळी आहे. एका ताऱ्याकडून दुसऱ्याकडे जायला साधारण आठवडा लागतो. त्या आठवड्यात बाहेर काही दिसत नाही, निरोप जात-येत नाही. खलाशाच्या आयुष्याचा गाभा तोच: पाळ्या, कंटाळा, त्याच चार तोंडांशी जेवण. रेफरी बहुधा म्हणतो, “आठवडा गेला,” आणि पुढचे बंदर येते. नियमांनी पैन् पै मोजली आणि दिवस सोडून दिले. खेळ रंगावा म्हणून हे करावे लागते, हे मला कळते. चार तास कंटाळा वठवायला कोण येईल? पण एखाद्या सत्रात रेफरीने तो आठवडा खेळवून बघावा. यंत्राचा आवाज बदलला, एवढे पुरते.

उलट जिथे हिशेब अशक्य वाटतो, तिथे हा खेळ सर्वांत खरा आहे. शीतनिद्रेचे तिकीट १,००० क्रेडिट, वरच्या वर्गाच्या दहावा भाग. त्या पेटीतून जिवंत उठायला दोन फाशांवर पाच किंवा अधिक पडावे लागतात. वैद्याची मदत नसेल, तर सहांतला एक जात नाही, मरतो. अशी कंपनी कोणताही कायदा चालू देणार नाही, असे वाचक म्हणेल. आणि नियमपुस्तक थंडपणे पुढे सांगते, की निघण्यापूर्वी हे प्रवासी आपल्यातले किती जण उठतील यावर पैज लावतात. पैजेचे पैसे तिकिटातच धरलेले असतात.