खडकाचे वय आणि खडकाची घडण : बोरघाटाच्या संदर्भात अणुकेंद्रकाच्या अध्यापनाची चिकित्सा

असेंद्रिय रसायनशास्त्राच्या पदवीस्तरीय अध्यापनात किरणोत्सर्गी ऱ्हास आणि अणुकेंद्रीय चुंबकीय संस्पंदन (एन.एम.आर.) हे दोन घटक एकाच अणुकेंद्रकाशी निगडित असूनही सहसा एकमेकांना भेटत नाहीत. ऱ्हास अर्धायुष्याच्या गणितांपुरता उरतो; एन.एम.आर. बहुधा सेंद्रिय रसायनाच्या वाट्याला जाऊन प्रोटॉनच्या शिखरांत अडकतो. प्रस्तुत लेखात या विभागणीची चिकित्सा मावळातील कातळाच्या आधारे केली आहे. त्यास सबळ कारण आहे. दख्खनच्या लाव्हाथरांच्या वर्गीकरणात खंडाळा आणि बुशे या शैलसमूहांना मिळून 'लोणावळा उपगट' असेच नाव आहे, आणि डायनोसॉरांच्या विनाशाविषयीचा एक मोठा वाद या उपगटाच्या माथ्यापाशी येऊन थांबला आहे.

सह्याद्रीचा खडक 'साडेसहा कोटी वर्षांचा' असे सर्रास लिहिले जाते. ही संख्या कोठून येते, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. पोटॅशियम-४० चे अर्धायुष्य सुमारे १२५ कोटी वर्षे आहे. त्याच्या ऱ्हासातून सुमारे ८९ टक्के कॅल्शियम-४० व ११ टक्के अरगॉन-४० तयार होतो. खडकात मुळातच भरपूर असलेल्या कॅल्शियममध्ये नवा कॅल्शियम ओळखू येत नाही. म्हणून कालगणनेचा सारा भार त्या ११ टक्क्यांवर पडतो. अरगॉन हा निष्क्रिय वायू. खडक तापला किंवा कुजला की तो निसटतो आणि वय खोटे तरुण दिसते. दख्खनच्या बेसाल्टची सुरुवातीची वये फार विखुरलेली आली, याचे हे एक कारण होय.

अरगॉन-अरगॉन पद्धतीने ही अडचण बरीच दूर केली. परंतु तिचे उत्तर प्रमाण-खनिजाच्या गृहीत वयावर अवलंबून असते. २००८ साली फिश कॅन्यन सॅनिडिन या प्रमाणकाचे वय सुमारे २ कोटी ८० लाखांवरून २ कोटी ८२ लाख वर्षे असे सुधारण्यात आले. पुढे क्रिटेशस कालखंडाची अखेर, जी २००४ च्या कालमापनात ६ कोटी ५५ लाख वर्षांपूर्वी होती, ती २०१२ च्या कालमापनात ६ कोटी ६० लाखांवर गेली. खडक पाच लाख वर्षांनी म्हातारा झाला नाही, मोजपट्टी बदलली. वर्गात अर्धायुष्याचे उदाहरण सोडवताना ही बाब गाळली, तर विद्यार्थ्याच्या हाती सूत्र राहते, मापन राहत नाही.

वाद याच फरकांचा आहे. १९९३ मध्ये वेंकटेशन, पांडे आणि गोपालन यांनी पश्चिम घाटातील बहुतांश उद्रेक या सीमेच्या आधीच आटोपला होता, अशी मांडणी केली. २०१९ मध्ये 'सायन्स'च्या एकाच अंकात दोन गटांचे निबंध आले. शोएन व सहकाऱ्यांनी झिरकॉनमधील युरेनियम-शिसे पद्धतीने, उल्कापाताच्या काही दशसहस्र वर्षे आधी पोलादपूर शैलसमूहाचा मोठा उद्रेक झाल्याचा निष्कर्ष काढला. स्प्रेन व सहकाऱ्यांनी अरगॉन-अरगॉन पद्धतीने सीमा लोणावळा उपगटाच्या माथ्याच्या आसपास ठेवून, सुमारे तीन चतुर्थांश लाव्हा त्यानंतर आला असे म्हटले. एका पर्वतरांगेस दोन घड्याळे लावली असता कारण आणि परिणाम यांचा क्रमच बदलू शकतो! यातील कोणतेही घड्याळ 'चुकीचे' ठरवण्याची घाई करू नये. झिरकॉन थरांच्या मधल्या राखेतून व लाल मातीतून मिळतो, अरगॉन-अरगॉन वय थेट लाव्हाचे असते. दोहोंच्या मधली जागा अन्वयार्थाची आहे.

याच कातळाची दुसरी बाजू म्हणजे झिओलाइट. १८६३ साली पूर्ण झालेल्या बोरघाटाच्या रेल्वेमार्गाच्या खोदकामात बेसाल्टच्या पोकळ्यांतून या स्फटिकांचे उत्तम नमुने निघाले. लाव्हा थिजल्यानंतर पाण्याच्या वावराने ते बनले. म्हणून त्यांचे वय लाव्हाचे वय नव्हे. त्यांच्याबाबत विचारण्याचा प्रश्न घडणीचा आहे, आणि तेथे एन.एम.आर. उपयोगी पडते. सिलिकॉन-२९ चे नैसर्गिक प्रमाण केवळ ४.७ टक्के असले, तरी नमुना ५४.७ अंशांच्या कोनात वेगाने फिरविला असता सिलिकॉनभोवती ऑक्सिजनमार्गे शून्य ते चार ॲल्युमिनियम असल्याचे पाच संकेत वेगळे दिसू शकतात. त्यांच्या क्षेत्रफळांवरून सिलिकॉन-ॲल्युमिनियम गुणोत्तर मिळते. मात्र दोन ॲल्युमिनियम एकाच ऑक्सिजनला जोडलेले नसतात, हा १९५४ चा लोवेनस्टाइनचा नियम मान्य केला तरच. येथेही आकड्यामागे गृहीतक आहेच.

'न्यूक्लिअर' या शब्दामुळे एन.एम.आर.लाही किरणोत्सर्गी समजण्याचा गैरसमज आढळतो, रुग्णालयांतील एम.आर.आय.च्या नावातून तो शब्द वगळला गेला, त्यामागे हीच धास्ती होती. वस्तुतः एका तंत्रात अणुकेंद्रक बदलते, दुसऱ्यात ते केवळ दिशा बदलते. पोटॅशियम-४० या बाबतीत लक्षणीय आहे. तो किरणोत्सर्गी आहे आणि त्याचा स्पिन ४ असल्याने एन.एम.आर.ला तत्त्वतः दिसणाराही आहे. परंतु त्यापासून होणारे अरगॉन-४० आणि कॅल्शियम-४० हे दोन्ही शून्य स्पिनचे, म्हणजे एन.एम.आर.च्या दृष्टीने मूक आहेत. शिवाय घाटातील काळा बेसाल्ट लोहयुक्त असल्याने त्याचे संकेत अनुचुंबकत्वामुळे पसरट होऊन जवळजवळ हरवतात. त्याच्याच पोकळीतील पांढरा स्टिल्बाइट स्वच्छ वर्णपट देतो.