नकाशा बारीक, पाऊस ढोबळ

सोयाबीन उगवून आले आणि पावसाने ताण दिला, की वाशीम जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला एकच प्रश्न पडतो: मातीत ओल किती उरली आहे, आणि ती किती दिवस पुरेल? २०१८ साली सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात, म्हणजेच 'पोकरा'त, याचे उत्तर नकाशावर काढण्याचा प्रयत्न झाला. वाशीम हा त्यातला एक जिल्हा. त्यासाठी आय.आय.टी. मुंबईने क्यूजीआयएस या सॉफ्टवेअरला जोडायचा एक खास भाग, म्हणजे प्लगइन, तयार केला. त्याचे गुणदोष येथे पाहू.

क्यूजीआयएस हे नकाशे करण्याचे मोफत व मुक्त सॉफ्टवेअर. गॅरी शेरमन यांनी २००२ साली ते लिहायला सुरुवात केली. माती, उतार, पीक असे थर एकावर एक ठेवून ते दाखवते. पण सोयाबीनला पाणी किती लागते हे त्याला ठाऊक नसते. ते ज्ञान बाहेरून जोडावे लागते आणि पायथॉन भाषेत प्लगइन लिहून ते जोडता येते. हे प्लगइन पाण्याचा रोजचा जमाखर्च मांडते. पाऊस ही जमा. वाहून गेलेले, पिकाने वापरलेले व उन्हाने उडालेले आणि खोल झिरपलेले पाणी हा खर्च. उरते ती मातीतली ओल.

याचा मोठा गुण असा, की ते गावाच्या सरासरीवर थांबत नाही. वाशीमच्या माथ्यावरून पाणी दोन दिशांना वाहते. काटेपूर्णेचे पाणी पूर्णेतून तापीला जाते, तर अडाण व अरुणावतीचे पैनगंगेतून गोदावरीच्या खोऱ्यात. एकाच शिवारात माथ्यावर हलकी, उथळ जमीन आणि नाल्याकाठी भारी काळी जमीन असते. पहिलीवरचे पीक आठवडाभराच्या उघडिपीत सुकते, दुसरीवरचे तग धरते. गावाची सरासरी काढली की हा फरक पुसला जातो. या प्लगइनने तो नकाशावर आणला, हे श्रेय त्याला दिलेच पाहिजे.

आता दोष पाहू. माती, उतार व पिके यांचे नकाशे बारीक असतात, पण पावसाचा आकडा येतो 'महावेध'च्या स्वयंचलित केंद्रावरून. असे केंद्र साधारणपणे महसूल मंडळाला एक, आणि एका मंडळात अनेक गावे. जुलैची सर एका शिवारात पडते आणि शेजारचे कोरडे राहते, हे वाशीमला कोणी सांगायला नको.

ही चूक किती मोठी होते ते पडताळून पाहू. वाहून जाणारे पाणी काढायला अशा हिशेबात वक्रांकाची पद्धत वापरतात. जमीन व पीक पाहून १०० पर्यंतचा एक अंक ठरवतात. उदाहरणासाठी तो ८५ धरू. आधी स काढायचा: स = २५४०० ÷ वक्रांक − २५४, म्हणजे येथे सुमारे ४५ मि.मी. मग, वाहणारे पाणी = (पाऊस − ०.२ स)² ÷ (पाऊस + ०.८ स). केंद्रावर ५० मि.मी. पाऊस पडला तर सुमारे १९.६ मि.मी. पाणी वाहते. शेजारच्या गावात ३० मि.मी. पडला तर ६.७ मि.मी. पाऊस चाळीस टक्क्यांनी कमी, पण वाहणारे पाणी फक्त एक-तृतीयांश! हेक्टरी हिशेब केला तर १ लाख ९६ हजार लिटर कुठे आणि ६७ हजार लिटर कुठे! शेततळे कोठे खोदावे आणि ते भरेल का, हे अशा आकड्यांवर ठरते. नकाशावर मात्र दोन्ही गावांना एकच पाऊस मिळतो आणि रंगाची कड तितकीच ठाम दिसते.

अधिकाऱ्याला एकच आकडा हवा असतो, शंका दाखवली तर निर्णय अडतो, असे यावर म्हणता येईल. आम्हांला ते पटत नाही. तळे कोरडे राहिले तर त्याचा खर्च शेतकऱ्याच्या माथी येतो. शिवाय तयार सॉफ्टवेअरमध्ये जे मिळेल ते घ्यावे लागते, पण स्वतः लिहिलेल्या प्लगइनला हे बंधन नाही. तोच हिशेब कमी, मोजलेला आणि जास्त अशा तीन पावसांवर चालवावा. जिथे उत्तर बदलते, तो भाग रेघांनी भरावा. पर्जन्यमापक कोठे आहे, तो बिंदू नकाशावर ठळक असावा. हे काम थोडक्या ओळींचे आहे.

पावसाची उणीव मात्र संगणकावर भरून निघणार नाही, आणि इथे शाळा उपयोगी पडेल. सपाट तळाचा, सरळ भिंतींचा डबा उघड्यावर ठेवून रोज सकाळी साडेआठला पाणी पट्टीने मोजा. पावसाळाभर ते आकडे मंडळाच्या आकड्यांशेजारी लिहा आणि दोन्हींवर वरचे सूत्र फळ्यावर चालवा. तुमच्या गावाच्या नकाशावर किती भरवसा ठेवावा, हे त्या वहीतून कळेल.